मावशीनं जाकड आणलेले तीन डबे

माझ्या मावशीइतकी संशयी बाई राहाता तालुक्यात पूर्वी झाली नाही आणि पुढेही व्हायची नाही. ती शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून सगळं गाव तिला 'बाई' म्हणे; तिचे यजमान, म्हणजे आमचे काकाही बाईच म्हणत. नारळ घेताना ती तो कानाशी धरून इतका वेळ हलवायची की मागची गिऱ्हाइकं सुकं खोबरं घेऊन चालती व्हायची. छत्री घ्यायला गेली की आधी दुकानदाराकडे बादलीभर पाणी मागायची. एकदा ताप आला तेव्हा घरच्या थर्मामीटरवर विश्वास नाही म्हणून तिनं शेजारणीचा मागवला, दोघांचं जमेना म्हणून काकांना दवाखान्यातला आणायला पिटाळलं, आणि तो येईपर्यंत तापच उतरला. "बघा, पहिला खोटंच सांगत होता," असा निकाल देऊन ती भाकरी थापायला बसली. अशा या बाईनं आयुष्यात एकदाच एक वस्तू न तपासता घरात घेतली, आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

काका एसटीत ड्रायव्हर होते. पाथर्डीकडच्या रस्त्यांवर त्यांची उमर गेली. काचबिंदूनं उजवा डोळा गेला, डावा अधू झाला आणि त्यांची गाडी कायमची सुटली. तेव्हापासून हा बडबड्या माणूस ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नुसते आवाज ऐकायचा. पुढं एका दिवाळीत ते दोघं केडगावला माझ्याकडे आले. कॉम्प्युटरवर गाडी चालवायच्या खेळाचं मला तेव्हा नवीनच वेड होतं, त्यासाठी स्टिअरिंगसुद्धा आणलेलं. ते त्यांच्या हातात दिलं, तर काका हसले. पाठीला बाक आलेला माणूस ताठ बसला आणि पडद्यावरच्या गाडीला म्हणाला, "सरक की रं बाजूला!" मावशी दारात उभी होती. राहात्याला गेल्यावर तिनं डोळ्यांच्या तीन डॉक्टरांना विचारून घेतलं की खेळानं डोळा जास्त बिघडत नाही ना, आणि तिघांचं एकमत झाल्यावर त्या वर्षी मिळणारा सगळ्यात तगडा, गेम खेळायचा कॉम्प्युटर तिनं घरी आणला.

चुकलं ते एवढंच की त्या कॉम्प्युटरच्या पेटीबरोबर जो पॉवर सप्लाय आला, तो तिनं पाहिलाच नाही. घरातली वीज घेऊन आतल्या सगळ्या भागांना वाटून देणारा हा पत्र्याचा डबा. बाकीच्या चकचकीत गोष्टींपुढे त्याच्याकडे लक्ष कोणाचं जाणार! मावशीच्या शेजारी पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की गल्लीतले दिवे मान टाकायचे, आणि संध्याकाळी शेतावरचे पंप बंद झाले की तेच दिवे डोळे वटारायचे. एका दुपारी काका घाटातल्या वळणावर असताना गिरणी सुरू झाली, डबा जळाला आणि पडदा काळा झाला. पडदा नीट दिसावा म्हणून दार-खिडक्या लावून खोलीत आधीच अंधार केलेला. काका स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "बाई, दुसरा बी गेला वाटतं."

मावशीनं धावत जाऊन खिडकी उघडली. उजेड दिसल्यावर काका हसले आणि स्टिअरिंग सोडून उठले. त्यानंतर आठ दिवस त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करायचं नाव काढू दिलं नाही. "ऱ्हाऊ दे आता," एवढंच म्हणायचे. मावशीनं मात्र पदर खोचला आणि मला केडगावहून बोलावून घेतलं. "या खोलीत पुन्हा असा अंधार होणार नाही," ती मला म्हणाली, आणि मला घेऊन नगरच्या बाजारात उतरली.

लोक मुलीसाठी स्थळं पाहतात, तसे तिथं तिनं पॉवर सप्लाय पाहिले. कुठल्या घराण्यातला, आधी कोणाकडे दिला, तिथं कसा नांदला, सगळी चौकशी. लेबलावरचे वॅट वाचून दाखवणाऱ्या दुकानदाराला ती म्हणाली, "पत्रिकेत उंची सगळेच वाढवून लिहितात." एक डबा हातात घेऊन तिनं वजनाचं कौतुक केलं, मग नारळासारखा कानाशी धरून हलवला. आत खुळखुळ वाजलं. उघडून पाहिलं, तर वजन वाढवायला आत नुसता लोखंडाचा तुकडा चिकटवलेला! शेवटी तिनं तीन डबे बाजूला काढले आणि शांतपणे म्हणाली, "हे जाकड नेते." लग्नाच्या साड्या घरी नेतात, पसंत पडली ती ठेवतात आणि बाकीच्या परत करतात, तशी ही जाकड. दुकानदारानं जन्मात कोणाला पॉवर सप्लाय जाकड दिला नव्हता. पण समोर बाई होत्या, तो काय करणार!

मग काकांना पाथर्डीला जुन्या सोबत्यांकडे धाडून मावशीनं राहात्यात आठवडाभर परीक्षा घेतली. कॉम्प्युटर बाजूलाच ठेवून तिनं त्याच्या जागी वीज खायला टेम्पोच्या हेडलाइटचे दिवे डब्याला जोडले आणि हातात मीटर धरून बसली. तिनं गच्चीवरून रुमाल हलवायला मला उभं केलं होतं. रुमाल हलला की गिरणीवाल्यानं गिरणी सुरू करायची, पुन्हा हलला की बंद करायची. दळण घेऊन आलेल्या बाया खोळंबल्या. "बाई, आमच्या ज्वारीचं काय?" त्या खालून ओरडायच्या. "ज्वारी कुठं पळून जाते?" मावशी आतून ओरडायची. पहिल्या डब्यातून पहिल्याच दिवशी धूर निघाला. दुसरा टिकला, पण त्याच्यावर पापड भाजून निघाला असता. तिसऱ्याच्या वेळी गिरणी सुरू झाली, खोलीतला बल्ब लाल पडला, पण मीटरचा आकडा जागचा हलला नाही. तरी तिनं त्याला आणखी दोन दिवस छळलं. शिवाय अगदीच लाईट गेली तर म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर कॉम्प्युटरला जोडून घेतला.

उरलेले दोन डबे परत करायला गेलो तेव्हा दुकानदार जळका डबा पाहून कळवळला. "बाई, जाकड नेलेली साडी कुणी धुऊन परत आणतं का?" मावशी म्हणाली, "ती धुवायच्या आधीच रंग सोडत होती. उद्या दुसऱ्या कुणाच्या घरात सोडला असता." दुकानदारानं मुकाट्यानं डबा ठेवून घेतला, आणि पुढं तो 'राहात्याच्या बाईंनी पास केलेला' असं सांगून आमच्या तिसऱ्या डब्याच्या जातीचे डबे विकू लागला.

काकांना तिनं कसंबसं पुन्हा खुर्चीवर बसवलं. घाट लागला, गिरणी सुरू झाली, बल्ब मिणमिणला. मावशी त्यांच्या मागे उभी होती. पडद्यावरचा रस्ता जसाच्या तसा पळत राहिला. "बाई, च्या टाका की जरा," काका वळण घेता घेता म्हणाले, "लांबचा पल्ला हाय." मावशी स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. चहाला काही एवढा वेळ लागत नव्हता.

मी एकदा तिला विचारलं, "काकांना कधी सांगितलंस का, तू एवढा खटाटोप केलास ते?" ती म्हणाली, "कशाला? मग गाडी चालवताना त्या डब्याकडंच बघत बसले असते. ड्रायव्हरनं पुढं बघावं."

काकांचा डावा डोळा त्यानंतर काही वर्षं टिकला. ते रोज दुपारी घाट चढायचे आणि उतरायचे, शेजारी गिरणी दळत असायची. पुढं त्यांना वळणं दिसेनाशी झाली, तशी मावशी शेजारी स्टूल घेऊन बसू लागली. "डावीकडं घ्या. आता सरळ. पुढं ट्रक आहे, हॉर्न द्या." ज्या बाईनं कधी नारळावर विश्वास ठेवला नाही, तिच्या शब्दावर काका डोळे मिटून गाडी घालायचे. अशा दुपारी मी गेलो की दारात उभा राहून दोघांना पाहत असे, आणि मला आत जाववत नसे.