पोत

दुपारी गिऱ्हाईक नसलं की अण्णा ताग्यांना पाठ टेकून डोळे मिटायचे. कडा गावातलं आमचं कापडाचं दुकान तेव्हा स्वतःच पेंगत असल्यासारखं वाटायचं. दारातून उन्हाची तिरीप यायची, तिच्यात सुताचे बारीक कण तरंगत राहायचे आणि मी गल्ल्याशेजारी लॅपटॉप उघडून बसायचे. नुसता फोटो बघून वस्तूचा पृष्ठभाग कशाचा आहे हे यंत्रानं ओळखावं, हे माझं काम. डीप लर्निंग म्हणतात. हजारो फोटो दाखवायचे, प्रत्येकाला नाव द्यायचं: सुती, कातडी, काच, लोखंड. मग एक दिवस ते न शिवताच सांगायला लागतं.

मला त्या यंत्राचा राग यायचा. अण्णा, माझे वडील, जन्मभर डोळे मिटून, कापड नुसतं चिमटीत धरून सूत की टेरिकॉट ते सांगत आले. आता शुगरनं त्यांची बोटं बधिर झाली होती. "साखर कारखान्याच्या गावात ऱ्हाऊन शुगर न्हाई व्हनार तर काय!" असं म्हणून ते स्वतःच हसायचे. मला हसू यायचं नाही. गिऱ्हाइकासमोर चिमटीतलं कापड पुन्हा पुन्हा चोळून ते माझ्याकडे बघायचे.

म्हणून ठरवलं, यंत्रच त्यांची बोटं होईल. ते फोनमध्ये घालून मी फोन धरला, अण्णांनी एकेक तागा समोर केला. फोन म्हणाला, सुती. फोन म्हणाला, रेशीम.

"लई हुशार हाईस की बे," अण्णा फोनलाच म्हणाले.

मला चेव आला. समोर खणाचा तागा होता. "अण्णा, आता पोत दाखवा त्याला."

मला कापडाची वीण म्हणायची होती. आमच्या धंद्यातला रोजचाच शब्द. पण आईच्या गळ्यातली काळ्या मण्यांची, तीसुद्धा पोतच. शेवटच्या आजारपणात आईनं ती उतरवून ठेवली, ती पुन्हा घातलीच नाही. अण्णांनी गल्ल्याच्या मागच्या कप्प्यातून ती काढली आणि मुठीत धरून बसून राहिले. मी फोन तसाच धरून ठेवला. तिरीप उंबऱ्यापर्यंत सरकली, तेव्हा कुठे त्यांनी मूठ उघडली.

फोन म्हणाला, काच.

"खोटं न्हाई," अण्णा म्हणाले. "पर तुझी आई गळ्यातून काढून हातात द्यायची, तवा कोमट असायची बघ. आता गार हाय का कोमट, मला कळंना. इचार की त्याला."

त्याला ते नाव मी कधी शिकवलंच नव्हतं. मी पोत उचलून गालाला लावली.

"कोमट आहे, अण्णा."

त्यांनी समाधानानं डोळे मिटले. इतका वेळ ती त्यांच्याच मुठीत होती, हे मी बोलले नाही.