एकही चूक नाही

नळ दुरुस्त करणाऱ्या बापाची ही लेक विद्यापीठात भाषा शिकत होती आणि तिचे कान भलतेच तिखट होते. "घरात पाणी शिरलं तरी ही आधी त्याचं व्याकरण तपासेल," असं वडील म्हणायचे. दर शनिवारी दुपारी ती आणखी दोघा-तिघांसारखी स्वयंसेवक म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना शिकवायची. तिचा वर्ग दवाखान्याच्या वरच्या खोलीत भरे. नोकरीसाठी लागणारी नवी भाषा आणि तिच्याच आडून नशेपासून लांब राहायचे धडे. मुलं तिला ताई म्हणत.

त्या शनिवारी संवाद होता. एकाने नशेच्या गोळ्या विकायच्या, दुसऱ्याने नाही म्हणायचं. विकणाऱ्याची चिठ्ठी चिमणीला आली. चिमणी म्हणजे तोंडातून शब्द काढायला महाग. तीन महिन्यांत तिने नव्या भाषेत सलग दोन वाक्यं म्हटली नव्हती. आज मात्र ती उभी राहिली आणि घडाघडा बोलू लागली.

"पहिली फुकट. घाबरतेस कशाला? तुझी आई सातपर्यंत येत नाही, माहीत आहे मला. घे, दप्तरात ठेव."

ताई हरखली. "अगं, एकही चूक नाही! टाळ्या!"

टाळ्या पडल्या. मग पुढून कुणीतरी खिदळलं, "अरे, हा तर बस थांब्यावरचा काका! हुबेहूब!"

टाळ्या विरल्या. मागच्या खुर्चीवरची एक मुलगी पिशवी उचलून, न विचारता, जिना उतरून गेली. चिमणीचा चेहरा पांढराफटक पडला. ती काय बोलली होती ते ताईला तेव्हा कुठे ऐकू आलं.

तिने बाकीच्यांना घरी सोडलं, चिमणीला थांबवून दार लोटलं. "कधीपासून मागे लागलाय?"

"तीन आठवडे. मी अजून घेतली नाही, ताई. शपथ."

तो 'अजून' ताईने नेमका ऐकला. "हे आजच दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंना कळवावं लागेल."

"नका ना! आई शाळा बंद करेल माझी. आणि मघाशी उठून गेली ना, ती त्या काकाची पुतणी. टाळ्या तुम्हीच वाजवायला लावल्यात. आता घरी कशी जाऊ, तेही तुम्हीच सांगा."

'कुणाला सांगणार नाही' हे शब्द ताईच्या जिभेवर आले होते. तिने ते गिळले. "सांगणार मी. पण आधी तुझ्या आईला, तुझ्यासमोर. चल."

आईचा शिलाई कारखाना बस थांब्याच्या पुढे होता. थांब्यावर तो उभाच होता, फोन कानाला लावून.

"काय चिमणे, आज नवी मैत्रीण?"

ताईने चिमणीचा हात घट्ट धरला. दोघींचे तळवे ओले होते. मागून त्याच्या चपलांचा आवाज येऊ लागला, संथ, मुळीच घाई नसलेला. कारखान्याच्या फाटकाशी पहारेकरी दिसला तेव्हा कुठे तो थांबला.

आई बाहेर आली. बाह्यांना दोऱ्याचे तुकडे चिकटले होते. "इथे कशाला आलीस? काय झालं?"

ताईने तोंड उघडलं, पण चिमणीने हात सोडवून घेतला. "मी सांगते."

आत यंत्रं धडधडत होती, त्यामुळे तिला जवळजवळ ओरडूनच सांगावं लागलं. शेवटी ती म्हणाली, "शाळा बंद करशील?"

"शाळा कशाला बंद करू?" आई तिला मागे सारत फाटकाकडे वळली. "कुठे आहे तो? दाखव."

ताई आईच्या वाटेत आडवी उभी राहिली आणि तिने समुपदेशक बाईंना फोन लावला. तो माणूस थांबला होता तिथूनच अजून इकडे बघत होता.