चेकनाका मॅडम

"सर, तुमाले ओळखते मी. तुमच्या फोनले नाही ओळखत." पवनीच्या आमच्या कॉलेजात हे वाक्य ऐकून डोकं फिरलं नाही असा एकही प्राध्यापक नसेल. बोलणाऱ्या म्हणजे आमचं नेटवर्क सांभाळणाऱ्या मॅडम. कोंढ्याहून बसने येत आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी स्क्रीनवर बघत, कुठलं अनोळखी यंत्र आत शिरलंय का. सगळे त्यांना चेकनाका म्हणत.

कॉलेजचं नेट हवं तर आधी आपल्या यंत्राची नोंद करायची, मगच दार उघडणार. त्यासाठी मॅडमनी स्वतः एक फुकटचं सॉफ्टवेअर बसवलं होतं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणालाही उघडून पाहता येणारं. नव्या फोनला नेट मिळेना तेव्हा मी चिडून म्हणालो, "सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं, आणि आम्ही तेवढे बाहेर!"

"भाजी कशी कराची थे साऱ्या गावाले सांगू सर, पण म्हणून सारं गाव चुलीपाशी बसवू का?"

भांडताना त्या आवाज चढवत नसत. त्याचीच जास्त चीड येई.

कहर झाला तो तपासणी समिती आली तेव्हा. अध्यक्षांनी लॅपटॉप जोडला आणि यंत्रणेनं तो सरळ नेटबाहेर काढला. प्राचार्य घामाघूम. मी धावत गेलो. "मॅडम, आजच्या दिवस तरी सोडा!"

"व्हायरस हाये त्याच्यात. काहून आत घेऊ?" असं म्हणून त्यांनी कॉलेजचाच एक संगणक उचलला आणि अध्यक्षांपुढे नेऊन ठेवला. अध्यक्षांनी तो वापरला, पण तोंड वाकडं करूनच. अहवालात शेरा आला, 'सहकार्याचा अभाव'. प्राचार्यांनी तो सगळ्यांसमोर मॅडमना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतला, डबा उचलला आणि बस गाठायला निघाल्या. त्या दिवशी प्रथमच मला त्यांचा राग आला नाही; प्राचार्यांचा आला.

पुढे त्यांना नागपूरला नोकरी लागली. निरोपाच्या चहाला मी म्हणालो, "सुटलो बुवा!"

"नवीन माणूस येईपर्यंत सारं तुमच्याकडे देऊन जाऊन राहिली, सर."

"माझ्याकडे? सगळ्यांत जास्त मी भांडलो!"

"म्हणूनच. बाकीचे माझ्यासमोर हो म्हणत अन् मागून दुसऱ्याचा पासवर्ड मागत. तुमी तोंडावर भांडले. चोरून नाही शिरले."

नवा माणूस अजून आलेला नाही. मी मराठी शिकवणारा. तासाला निघालो की कुणीतरी नेटसाठी वाट अडवतं, आणि नाही म्हटलं की आठवडाभर बोलत नाही. परवा वैतागून मॅडमना फोन लावला आणि मनात होतं ते सगळं सुनावलं. पलीकडे त्या हसत सुटल्या. कितीतरी वेळ. इथे होत्या तोवर त्यांना असं हसताना आमच्यापैकी कुणीच ऐकलं नव्हतं.