विषबाधेच्या लेखाखाली कीटकनाशकाची जाहिरात

मंडळी, माझ्या शेतीच्या वेबसाइटवर कापसाच्या लेखाखाली साड्यांच्या जाहिराती यायच्या. म्हणून परवा सेटिंग बदललं. आता मजकुराशी जुळणाऱ्याच जाहिराती येतात.

आज सकाळी फवारणीतल्या विषबाधेवर लिहिलं. घाटंजीकडचे माझे मित्र किसनभाऊ त्यामुळेच दवाखान्यात आहेत.

दुपारी त्यांच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी, वर लिवलं का या औषधानं माणूस मरता मरता वाचला. मंग खाली तेच औषध घ्या म्हणून काहून टाकलं?"

उघडून पाहिलं. जाहिरातीत त्याच औषधाचा डबा होता. जाहिरात मजकुराशी अगदी जुळत होती.

कीटकनाशकांच्या सगळ्या जाहिराती बंद केल्या आणि वहिनींना कळवलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. मले वाटलं, तुमीच ते औषध इकून राह्यले."

लेखाखालची जाहिरात लेखकानंच निवडली, असं तुम्हालाही वाटतं का?