मी उठून उभी राहिले, त्याने लिहून घेतलं

डॉक्टर आत आला आणि मी उठून उभी राहिले.

त्याला यायला वीस मिनिटं उशीर झाला होता. तोवर मी त्या चिंचोळ्या खोलीत भिंतीला डोकं टेकवून, डोळे मिटून बसले होते. वरच्या ट्यूबलाइटचा उजेड सहन होत नव्हता. दार वाजलं आणि मी ताडकन उभी. "गुड मॉर्निंग, सर." त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आपल्या खुर्चीत बसला आणि आधी कागदावर काहीतरी लिहिलं. मी अजून उभीच. छाती धडधडतेय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, पण तो बस म्हणेपर्यंत उभीच. मग तो म्हणाला, "यू लुक व्हेरी वेल."

मी म्हणाले, "थँक यू, सर."

थँक यू म्हणाले मी. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

ब्रिटनमधल्या कार्डिफचं हॉस्पिटल होतं ते. दोन हजारनंतरची ती वर्षं. इकडे नर्स कमी पडत होत्या, म्हणून आम्हाला तिकडून आणलं होतं. मी मिरजेहून आले, मागून नवरा आला. चार वर्षं मी वॉर्डात राबले आणि मग आजारी पडले. आठ महिने रजा झाली तेव्हा हॉस्पिटलने मला आपल्याच डॉक्टरपुढे उभं केलं. नोकरमाणसं कामाला लायक आहेत की नाहीत हे ठरवणारा डॉक्टर. ही खरंच आजारी आहे असं त्याने लिहिलं, तर मला बसून करायचं, कमी तासांचं काम मिळणार होतं. धडधाकट आहे असं लिहिलं, तर पूर्ण ड्यूटी करा नाहीतर नोकरी सोडा. नोकरी गेली की वर्क परमिट गेलं, परमिट गेलं की आम्ही दोघं बॅगा भरून परत. सगळं त्या माणसाच्या पेनात होतं.

म्हणून मी तयारी केली होती. आदले दोन दिवस पडून राहिले. केस आदल्या दिवशीच धुतले, कारण अंघोळ आणि घराबाहेर पडणं ही दोन कामं मला एका दिवसात झेपत नव्हती. नवऱ्याने शर्टाला इस्त्री करून दिली. तेल लावून वेणी घातली, टिकली लावली. साहेबापुढे जाताना टापटीप जायचं, सुतकी तोंड घेऊन जायचं नाही, ही आमच्या घरची शिकवण. माझे आप्पा तालुक्याच्या कचेरीत शिपाई होते. खाकी पँट गादीखाली ठेवून झोपायचे, घडी बसावी म्हणून.

डॉक्टरने विचारलं, घरी स्वयंपाक कोण करतं. आता परक्या पुरुषाला काय सांगू, की नवरा करतो, आणि मला कधी कधी घास तोंडापर्यंत न्यायलाही जड जातं? लाज वाटली. "आय कुक," म्हणाले. डोंबलाचं कुक. महिन्यातून एकदा स्टुलावर बसून वरणभाताचा कुकर लावायचे आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढायचे. पण ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. शेवटी पेनाला टोपण लावत तो हसला. "वी ऑल गेट टायर्ड. आय सी इट अ लॉट इन लेडीज फ्रॉम युअर पार्ट ऑफ द वर्ल्ड. मेबी यू आर जस्ट होमसिक."

घरची आठवण येते म्हणे बाईला. चार वर्षं ख्रिसमसच्या ड्यूट्या माझ्या गळ्यात मारल्या, तेव्हा मला घर आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

'थकवा' या शब्दाचीच मला चीड येते. माझ्या आजाराचं नावच तसं, क्रॉनिक फटीग सिंड्रोम. नाव ऐकून लोकांना वाटतं, बाई दमलीय, चार दिवस माहेरी पाठवा. अहो, दमणं मला माहीत आहे. मिरजेत मी एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळलाय. घरी जाऊन झोपलं, उठून चहा प्यायला, की माणूस परत माणसात येतो. हे झोपून जात नाही. दहा तास झोपून उठले तरी अंगात ओली वाळू भरल्यासारखं जड.

वॉर्डात फ्लू आला. सगळ्यांना ताप आला, सगळ्यांचा गेला. माझा ताप गेला आणि बाकीचं राहिलं. घसा कायम खवखवतोय, मानेच्या गाठी दुखतायत, पोटऱ्या ठणकतायत. ताटलीवर ताटली ठेवली तरी तो आवाज डोक्यात घुसतो. ओट्याशी दोन मिनिटं उभी राहिले की छातीत धडधड सुरू, मग भिंत धरायची. आणि डोकं चालेना. पंधरा वर्षं डोस तोंडपाठ असलेली मी, एक दिवस औषधांच्या ट्रॉलीपुढे उभी आणि रोजच्या गोळीचं नाव आठवेना. त्याच दिवशी मी रजा मागितली. माझ्या हातून एखाद्या म्हाताऱ्याचा जीव गेला असता.

आणि हा आजार लबाड आहे. तो त्याच दिवशी दिसत नाही. आज बाहेर जा, चार माणसांत बोला, हसा, आज निभावतं. उद्या अंग जड होतं. तिसऱ्या दिवशी माणूस आडवा. रक्त तपासलं, नॉर्मल. थायरॉइड नॉर्मल. प्रत्येक नॉर्मलनंतर समोरच्याचं तोंड बदलत गेलं. वॉर्ड मॅनेजर फोनवर उसासे टाकायला लागली. नवरा वेअरहाउसमध्ये दिवसभर खोकी उचलून यायचा, तोही एकदा म्हणाला, "अगं, दमतो तर मीपण." तो बिचारा खोटं बोलत नव्हता. पण मी त्याच्याशी आठवडाभर धड बोलले नाही.

त्या तपासणीनंतरच्या तिसऱ्या दिवसाचं सांगते, कारण तो नवऱ्याशिवाय कुणी पाहिलाच नाही. पडदे ओढलेले. बाथरूमपर्यंत मी रांगत गेले. नवऱ्याने कामावर दांडी मारून चमच्याने पेज भरवली. दुपारी आप्पांचा फोन आला. रिसीव्हर धरवेना, नवऱ्याने माझ्या कानाला लावला.

"साहेबांशी नीट बोललीस ना?"

"हो, आप्पा."

"ते आले तेव्हा उठलीस ना?"

"उठले."

"शहाणी माझी पोर."

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. कपडे व्यवस्थित. केस विंचरलेले. बोलणं नम्र, चेहरा हसरा. घरी स्वयंपाक करते. खुर्चीतून लगेच आणि आधाराशिवाय उठून उभी राहिली. पूर्ण ड्यूटीला लायक. खाली सल्लाही होता, की रोज थोडं थोडं चालणं वाढवत न्यावं म्हणजे उत्साह वाटेल.

आणि मी गेले कामावर. एवढा मोठा डॉक्टर सांगतोय तर असेल बाई खरं, असं मनाशी म्हणत गेले. तीन ड्यूट्या केल्या. चौथ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसले ती उठताच येईना. एक बूट पायात, एक हातात. किती वेळ तशी बसले होते माहीत नाही. ग्वेनला सापडले. ग्वेन आमच्या वॉर्डची सफाई करायची आणि युनियनचं कामही पाहायची. साठीला आलेली, तोंडाने फटकळ. तिने मला टॅक्सीत घालून घरी आणलं.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली. माझ्या पलंगाच्या कडेला बसली, चष्मा लावला आणि तो रिपोर्ट ओळ न् ओळ वाचला. एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

"व्हाय डिड यू गेट अप, लव्ह?"

मी सांगितलं. डॉक्टर आले की सिस्टरने उठायचं. मिरजेत राउंडच्या वेळी एकही सिस्टर बसलेली दिसायची नाही, मग तिला ताप असो की पोटात सातवा महिना. आमच्यात अशीच रीत आहे.

ग्वेनने चष्मा काढला. "अँड डिड ही गेट अप फॉर यू?"

मला आप्पांचं ते स्टूल दिसत होतं. साहेबाच्या दाराबाहेर त्यांना सरकारने बसायला स्टूल दिलं होतं. साहेब दिवसातून वीसदा आतबाहेर करायचा आणि आप्पा वीसदा उठायचे. तीस वर्षं. आता त्यांना जिना उतरताना दोघांचा आधार लागतो. त्या तीस वर्षांत एकाही साहेबाने, बसा हो, असं म्हटलं नाही. आणि तोच माणूस फोनवर मला विचारतो, उठलीस ना?

डोक्यात तिडीक गेली. मी तेल लावून गेले तर म्हणे धडधाकट. विस्कटलेली गेले असते तर लिहिलं असतं, मनाने खचलीय. हसले तर बरी, रडले असते तर भावनाप्रधान. मी काय केलं असतं म्हणजे या माणसाने मला आजारी म्हटलं असतं? उभं राहणं हेच माझं दुखणं आहे. माझी छाती फुटायला आली होती आणि तो माझं दुखणंच माझ्या तब्येतीचा पुरावा म्हणून लिहीत होता. आणि मी त्याला थँक यू म्हणत होते.

ग्वेनने अपील टाकलं. सुनावणीला तीन माणसं होती, त्यात हाच डॉक्टर. मी केस विंचरले नाहीत. ग्वेनने वॉर्डातली व्हीलचेअर आणली होती. आधी कधी मी स्वतः व्हीलचेअरमध्ये बसले नव्हते, लोक काय म्हणतील म्हणून. त्या दिवशी बसले.

दार उघडलं आणि ते तिघं आत आले. माझे पाय हलले. मी ठरवून आले होते तरी मांड्यांनी आपणहून जोर घेतला. मी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि बसून राहिले. तिघांनी मला बसलेलं पाहिलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदा साहेबापुढे बसले होते.

डॉक्टर म्हणाला, "यू सीम्ड मच ब्रायटर लास्ट टाइम."

ऐनवेळी शब्द सापडत नाहीत म्हणून मी लिहून नेलं होतं. मी इंग्रजीत वाचलं: मागच्या वेळी मी तुमच्यासाठी उठले, ती रीत होती. तुम्ही ती तब्येत म्हणून लिहिलीत. आज मी इथे आलेय, म्हणून आज तुम्हाला बरी दिसेन. तपासायचं असेल तर तिसऱ्या दिवशी तपासा. माझ्या घरी या.

ग्वेन म्हणाली, "पुट दॅट डाऊन, प्लीज." डॉक्टरने पेन उचललं नाही. शेजारच्या बाईने लिहून घेतलं.

महिन्याने पत्र आलं. घरी जाऊन तपासण्याची पद्धत नाही, असं त्यात होतं. मी ठरलेल्या तारखेला पुन्हा त्याच खोलीत हजर व्हावं, नाही झाले तर सहकार्य केलं नाही असं धरलं जाईल.

नवरा घाबरला. "जा ना एकदा. काय जातंय?" माझं काय जातंय ते त्याने तिसऱ्या दिवशी पाहिलंय, चमच्याने पेज भरवताना. त्यालाही ते आठवलं असावं, कारण मग त्याने मला कागद आणून दिला.

उत्तर लिहायला मला चार दिवस लागले. रोज दोन ओळी. नोकरी जाईल, परमिट जाईल. बॅगा भरायची वेळ आली तर नवरा भरेल, मी पडल्या पडल्या सांगेन काय घ्यायचं ते. पण खोटी धडधाकट होऊन मी त्या खोलीत परत पाय ठेवणार नाही. मिरजेला गेले तर आप्पांपुढेही हेच सांगेन, आणि त्यांना बसवून सांगेन.

पत्रात मी एवढंच लिहिलं: मी येणार नाही. तुम्ही या. दार नवरा उघडेल. पडदे ओढलेले असतील. माझे केस विंचरलेले नसतील. तुम्ही आत याल तेव्हा मी उठणार नाही.