पायरीवर बसलेली आई

रविवार, सकाळ. हजर: मी, आई आणि बदामीच्या सहलीचे दोनशे चौदा फोटो.

परतल्यापासून मला एक गोष्ट टोचत होती. माझ्या वेळापत्रकात आईच्या गुडघ्यांना जागाच नव्हती. तिला खालच्या पायरीवर बसवून मी लेणी बघायला पळाले होते.

आज फोटो वेळेप्रमाणे लावले, तर वरून काढलेल्या फोटोंच्या कोपऱ्यांत आई सापडत गेली. आधी ती एकटीच बसली आहे. मग एका फुलवालीशेजारी. पुढे आईच्याच मांडीवर फुलं आणि हातात सुईदोरा. तळ्याकाठच्या शेवटच्या फोटोत तिच्या अंबाड्यात अबोलीचा गजरा आहे, आणि तो मी तेव्हा पाहिलाही नव्हता.

“कंटाळली नव्हतीस ना गं?”

“कशाला कंटाळू? घाई करायला तू होतीस कुठे तिथे?”

किती दिवसांनी मोकळं हसले मी.

“त्या फुलवालीला आमचा फोटो पाठवायचं कबूल केलंय हं,” आई म्हणाली.

“पत्ता?”

“डावीकडची तिसरी पायरी.”

फोटो छापून पाकिटात घातला आहे. पाकिटावर काय लिहायचं, ते अजून ठरायचं आहे.