तिसऱ्या वर्षीचे बटाटे

१४ जानेवारी. उद्या रद्दी न्यायचा दिवस, म्हणून कागदांचे गठ्ठे सुतळीने बांधत होते. त्यांतून जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या पहिल्या शेतकऱ्यांवरची जुनी पुस्तिका निघाली. तिच्या कुबट वासाने थेट वीस वर्षं मागे नेलं.

टोकियोतल्या हिगाशी-कसाईतला माझा पहिला हिवाळा. बाल्कनीतली मेथी गारठून मेली होती आणि मी पुण्याला परत जायला बॅग भरली होती. शेजारच्या मोरी-सान आजी ही पुस्तिका घेऊन आल्या. त्यांच्या आजीने तिकडे उत्तरेत जंगल तोडून शेती केली होती. चित्रात गवताच्या झोपडीपुढे कुदळ धरलेली एक बाई होती.

"दोन वर्षं पेरलेलं सगळं गोठलं. तिसऱ्या वर्षी बटाटे आले," मोरी-सान म्हणाल्या.

मी मोडक्या जपानीत विचारलं, "तोवर काय खाल्लं?"

"शेजारणीकडचं!" त्यांनी हसत भाताचा डबा पुढे केला.

तेव्हा मला तो माझ्या परत जाण्यावरचा टोमणा वाटला. डबा मात्र मी संपवला आणि बॅग रिकामी केली. आज त्या बाईची कुदळीवरची घट्ट पकड नीट पाहिली. दोन वर्षं रिकाम्या जमिनीत पुन्हा पेरायचं, हे मला जमलं नसतं.

चौथ्या मजल्यावरची, भारतातून नुकतीच आलेली मुलगी परवाच लिफ्टमध्ये म्हणाली होती, "काकू, मला नाही जमत इथे. मी जाते परत."

१५ जानेवारी. सकाळी गठ्ठे खाली ठेवले, बटाट्याची भाजी डब्यात भरली आणि तिची बेल वाजवली.